फोटोच्या पाठीवरचं नाव

(धुळे आणि जळगाव इथं स्टुडिओत, लग्नकार्यात आणि वर्तमानपत्रांसाठी फोटो काढणाऱ्या मैत्रिणींच्या बैठकींत केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

मला भाषणाची सवय नाही. माझा जन्म कॅमेऱ्याच्या मागे गेला. मी वकीलही नाही. तरीही कायद्याबद्दल बोलायला उभी आहे, कारण हा कायदा मला ठेच लागल्यावर वाचावा लागला. तुम्हाला ठेच लागण्याआधी तो माहीत व्हावा, एवढाच हेतू.

सुरुवात माझ्या आईपासून करते. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, धुळ्यात एक लहानसा स्टुडिओ चालवत. नाना लग्नाच्या ऑर्डरीला बाहेरगावी गेले की दुकान आई सांभाळायची. सांभाळायची म्हणजे नुसतं गल्ल्यावर बसायची नाही. परक्या पुरुषासमोर पदर मागे घ्यायला न धजणाऱ्या बायका, परीक्षेच्या फॉर्मसाठी फोटो हवा असलेल्या मुली, या सगळ्या नाना गावाला जायची वाट बघत. आई दिवे लावायची, हनुवटीला बोट लावून मान सरळ करायची, 'हलू नको हं' म्हणायची आणि बटण दाबायची. रात्री डार्करूममध्ये फिल्म धुवायची. काचेवर निगेटिव्ह ठेवून बारीक टोकाच्या पेन्सिलीनं एखाद्या मुलीच्या गालावरचे देवीचे व्रण भरून काढायची. आणि सकाळी प्रती कापून पाकिटात भरताना प्रत्येक फोटोच्या पाठीवर जांभळ्या शाईचा शिक्का मारायची. शिक्क्यात नाव नानांचं.

मी एकदा विचारलं, "आई, हा तर तू काढलास ना?" ती म्हणाली, "अगं, घरचंच तर आहे." शेतात राबणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नसतं, तेव्हाही हेच उत्तर मिळतं. घरचंच तर आहे.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. सरकारी मराठीत त्याला प्रताधिकार म्हणतात. या कायद्यात फोटो ही कलाकृती धरली आहे, मग तो कलात्मक असो की नसो. साधा पासपोर्ट फोटोसुद्धा. आणि फोटोचा कर्ता कोण? जो फोटो काढतो तो. स्टुडिओ कुणाच्या नावावर आहे, कॅमेरा कुणी विकत घेतला, याला इथं महत्त्व नाही. म्हणजे त्या फोटोंची कर्ती माझी आई होती. शिक्का चुकीचा होता.

पण कर्ता आणि मालक हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि आपली फसगत इथंच होते. साधारण नियम असा की जो कर्ता तोच पहिला मालक. तुम्ही आपल्या मनानं तापीकाठचा सूर्योदय टिपला, सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे टिपले, तर तो फोटो तुमचा. मात्र कलम १७ मध्ये काही अपवाद आहेत. एखाद्यानं मोबदला देऊन, सांगून फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसल्यास त्या फोटोचा पहिला मालक ते काम सांगणारा. लग्नाचे फोटो, बारशाचे फोटो, दुकानाच्या उद्‌घाटनाचे फोटो, सगळे यात आले. तुम्ही पगारी नोकरीत असाल तर मालकी मालकाकडे जाते. वर्तमानपत्राच्या पगारी फोटोग्राफरच्या बाबतीत ती छापण्यापुरती जाते, बाकीचे हक्क त्याच्याकडे राहतात. पण आपल्यापैकी तालुक्यातून फोटो पाठवणाऱ्या कुणाला पगार आहे? नेमणुकीचा कागद आहे? नाही. तेव्हा स्वतःहून काढून पाठवलेला फोटो तुमचाच राहतो. संपादकांनी आधी सांगून, पैसे ठरवून काढून घेतला असेल, तर तो त्यांचा होऊ शकतो. म्हणून काम घेतानाच दोन ओळी लिहून घ्यायच्या.

मालकी गेली तरी एक गोष्ट जात नाही. कलम ५७ प्रमाणे, हक्क विकून टाकल्यावरसुद्धा 'हे माझं काम आहे' असं म्हणण्याचा कर्त्याचा हक्क शिल्लक राहतो. आपल्या नावाला बट्टा लागेल अशी त्या कामाची मोडतोड कुणी केली, तर ती थांबवण्याचाही. आईनं काढलेल्या पासपोर्ट फोटोंची मालकी गिऱ्हाइकांची होती, नाव आईचं होतं. नानांचा शिक्का यातल्या कशातच बसत नव्हता.

नाव जाण्याची ही गोष्ट एका धुळ्याच्या स्टुडिओपुरती नाही. भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून ज्यांना आपण ओळखतो त्या होमाई व्यारावाला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते नवऱ्याच्या, माणेकशा व्यारावालांच्या नावानं. नवरा वाईट नव्हता. त्यांना कॅमेरा शिकवला तो त्यानंच. पण बाईचं नाव फोटोखाली घालणं तेव्हा कुणाला सुचलं नाही. पुढे १९४२ मध्ये त्या दिल्लीला गेल्या, सत्तांतराचा सगळा काळ त्यांनी टिपला, १९७० च्या सुमारास कॅमेरा खाली ठेवला. त्यांना पद्मविभूषण मिळालं २०११ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. त्यांचं नाव उशिरा का होईना पुढे आलं. माझ्या आईसारख्या किती जणींचं आलं नाही, त्याची मोजदाद नाही.

आपल्या खानदेशाचंच दुसरं उदाहरण देते. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी टिपून ठेवल्या, आणि त्या गेल्यावर १९५२ मध्ये पुस्तक निघालं ते बहिणाबाईंच्या नावानं. टिपून घेणाऱ्यानं स्वतःचं नाव घातलं नाही. म्हणजे करायचं ठरवलं तर जमतं.

आता माझी स्वतःची ठेच सांगते. साल १९९५. शिंदखेडा तालुक्यात मी एका बाईचा फोटो काढला होता. कापूस वेचणीचे दिवस. कमरेला ओटी बांधलेली, ओटी कापसानं फुगलेली, आणि ती मागे वळून कुणाला तरी हाक मारते आहे. फोटो चांगला आला होता. एका साप्ताहिकाला मी त्याची प्रत दिली. त्यांनी छापला, नावही घातलं, मी खूश. पुढच्या दिवाळीनंतर एका नातेवाइकाकडे गेले तर भिंतीवर कॅलेंडर, आणि कॅलेंडरवर ती बाई. खाली बी-बियाण्याच्या एका दुकानाचं नाव. आकाश जास्त निळं केलेलं, मागची दुसरी मजूर बाई कापून टाकलेली. माझं नाव नाही.

मी दुकानात गेले. शेठ चांगले बोलले. चहा मागवला. म्हणाले, "ताई, तुमचा फोटो घेतला म्हणजे तुमचा मानच झाला की. छापलेला फोटो, त्यात विचारायचं काय?" त्यांना खरंच वाटत होतं की एकदा छापलं की ते सगळ्यांचं झालं, विहिरीच्या पाण्यासारखं. मी त्यांना म्हटलं, "शेठ, तुमच्या दुकानातलं बियाणं बाहेर मांडलेलं असतं. मी पोतं उचलून नेलं तर?" ते हसले, पण पैसे द्यायला तयार होईनात. शेवटी ओळखीच्या वकीलबाईंनी एक नोटीस लिहून दिली. मग त्यांनी ५०० रुपये पाठवले. नाव कुठं घालणार? कॅलेंडरं वाटून झाली होती.

त्या वेळी मला जे माहीत नव्हतं ते आता सांगते, कारण आज कॅलेंडरची जागा चौकातल्या फ्लेक्सनं आणि मोबाइलनं घेतली आहे आणि फोटो उचलायला एक बोट पुरतं.

पहिली गोष्ट, हक्क मिळवण्यासाठी नोंदणी करावीच लागते असं नाही. फोटो काढला त्या क्षणी हक्क तयार होतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालामुळे मध्यंतरी यात गोंधळ होता, पण त्याच न्यायालयानं २०२१ मध्ये, संजय सोया या कंपनीच्या खाद्यतेलाच्या वेष्टणाच्या खटल्यात, नोंदणी सक्तीची नाही हे स्वच्छ सांगितलं. तरीही एखादा फोटो फार मोलाचा वाटत असेल तर ५०० रुपये फी भरून नोंदणी करता येते. पुरावा म्हणून ती उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट, हक्क तोंडी जात नाही. मालकी दुसऱ्याला द्यायची तर सहीचा कागद लागतो, आणि कोणता हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशासाठी हे त्यात लिहायचं असतं. काळ लिहिला नसेल तर तो ५ वर्षांचा धरतात. मी साप्ताहिकाला दिली होती ती छापण्याची परवानगी. त्यातून शेठजींना काहीच मिळत नव्हतं.

तिसरी गोष्ट, दावा करायला मुंबई-दिल्लीला जावं लागत नाही. कलम ६२ प्रमाणे आपण जिथं राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. फोटो उचलणारा मुंबईचा असला तरी दावा धुळ्याला किंवा जळगावला चालू शकतो. मनाई हुकूम मागता येतो, नुकसानभरपाई मागता येते. हा फौजदारी गुन्हाही आहे. ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. हा दखलपात्र गुन्हा आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं. ठाण्यातले हवालदार 'हे आमच्याकडे येत नाही' म्हणाले तर हे साल सांगा.

चौथी गोष्ट, मुदत. पूर्वी फोटोचा हक्क प्रसिद्धीनंतर ठरावीक वर्षांनी संपायचा, आधी ५० आणि मग ६०. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो लेखकांइतकाच झाला, म्हणजे फोटोग्राफरचं आयुष्य आणि त्यानंतर ६० वर्षं. तुमच्यामागे तो तुमच्या वारसांना जातो, आणि वारसांत लेकीही येतात. घरातली निगेटिव्हं भंगारवाल्याला घालण्याआधी हे लक्षात ठेवा. आमच्याकडची फिल्म भावानं चांदी निघते म्हणून किलोवर विकली. त्यात आईचे काढलेले किती चेहरे गेले कोण जाणे.

एवढं सांगून मी खाली बसले असते तर हे भाषण कुठल्याही फोटोग्राफर संघटनेत शोभलं असतं. पण ती कापूस वेचणारी बाई मला बसू देत नाही.

शेठजींकडून पैसे मिळाल्यावर मी कॅलेंडर घेऊन तिच्या गावी गेले. मला वाटलं ती हरखून जाईल. तिनं कॅलेंडर हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं, आणि मी कशी भांडले ती सगळी हकीगत ऐकून घेतली. मग म्हणाली, "त्यासनी तुले इचारं नही. पन तू माले इचारं व्हतं का, माय?"

त्यांनी तुला विचारलं नाही, पण तू मला विचारलं होतंस का?

नव्हतं विचारलं. तिच्या दिराला ते कॅलेंडर बाजारात दिसलं होतं आणि घरात दोन दिवस बोलणी झाली होती. तू कुणापुढं उभी राहिलीस, किती पैसे घेतलेस. मला ५०० रुपये मिळाले आणि तिला बोलणी. मी अर्धे पैसे पुढे केले. तिनं घेतले, पण तिचा प्रश्न त्यानं सुटला नाही.

मैत्रिणींनो, या कायद्यात काढणारी आहे, पैसे देणारा आहे. जिचा फोटो आहे ती कुठंच नाही. याचं एक उदाहरण जळगावातलं. आमच्या मंडळाकडे एक मुलगी आली होती. लग्न वर्षभरात मोडलं, माहेरी परत आली. आणि तिचा शालू-मुंडावळ्यांतला भला मोठा फोटो एका स्टुडिओच्या काचेत, भर रस्त्यावर. रोज क्लासला जाताना तिला स्वतःच्याच लग्नासमोरून जावं लागे. स्टुडिओवाले म्हणाले, "ऑर्डर सासऱ्यांची होती, त्यांनी परवानगी दिली आहे." कायद्याच्या कागदावर त्यांचं चूक नव्हतं. पैसे ज्यानं मोजले तो मालक. आपल्याकडे लग्नाचे पैसे मुलीचा बाप मोजतो नाहीतर मुलाचा. नवरी कधी मोजते? आमच्यातल्या दोघी जाऊन बोलल्या, तेव्हा कुठं तो फोटो उतरला.

काम सांगणाऱ्याला मालक करण्याची ही रीत आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली. त्यांच्या १८६२ च्या कायद्यात ती होती. त्यांनी स्वतः १९८८ मध्ये ती बदलली. कॉपीराइट फोटोग्राफरला दिला, पण घरगुती कामासाठी फोटो काढून घेणाऱ्याला वेगळा हक्क दिला की त्याच्या परवानगीशिवाय तो फोटो लोकांत मांडायचा नाही. म्हणजे कामाचा हक्क एकाकडे आणि आबरूचा दुसरीकडे, असं वेगळं करता येतं. तिथंही नवरीला वेगळी जागा मिळालेली नाही, पण आपण निदान एवढी तरी मागणी करायला हवी.

आणि जळगावात बसून १९९४ विसरून चालणार नाही. मुलींना, बायकांना जाळ्यात ओढून त्यांचे फोटो काढायचे, चित्रफिती काढायच्या आणि त्या दाखवून धमकावायचं, हे प्रकरण त्या वर्षी इथं उघडकीस आलं. राज्यभरातल्या स्त्री संघटना इथं आल्या. तक्रार द्यायला पुढे येऊ शकलेल्या थोड्या होत्या, आणि पुढे अनेक आरोपी न्यायालयातून सुटले. आज मी कॉपीराइटचं पुस्तक उघडते तेव्हा अंगावर काटा येतो. फोटोचा कर्ता कोण, तर बटण दाबणारा. म्हणजे त्या फोटोंचा कर्ता तो धमकावणारा! म्हणून मी म्हणते, काढणाऱ्याचा हक्क मागताना आपण नेहमी दुसरं वाक्य जोडूनच बोललं पाहिजे. काढणारीचं नाव, आणि जिचा काढला तिचा होकार.

त्या होकारासाठी कॉपीराइटच्या बाहेरचे कायदे आहेत. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं. बाईचे खाजगी क्षण चोरून टिपणं हा २०१३ पासून गुन्हा आहे, आज तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे. त्यातली एक गोष्ट आपल्या मुलींना मुद्दाम सांगा. असा फोटो काढायला ती हो म्हणाली असेल, पण तो दुसऱ्यांना दाखवायला हो म्हणाली नसेल, तर दाखवणाराच गुन्हेगार ठरतो. 'तिनंच काढू दिला' हे उत्तर चालत नाही.

आणि जो फोटो तिनं स्वतः, स्वतःच्या हातानं मोबाइलवर काढला, त्याची कर्ती आणि मालकीण तीच. सोडलेल्या नवऱ्यानं किंवा मित्रानं तो पसरवला, तर इतर कलमांबरोबर कॉपीराइटही तिच्या बाजूनं उभा राहतो. मालकीण म्हणून तिनं लेखी तक्रार केली की, खात्री पटल्यावर, ३६ तासांत तो फोटो लोकांना दिसणं बंद करावं, असा २०१३ चा नियम आहे. न्यायालयाचा हुकूम आणायला २१ दिवस मिळतात.

आपल्या शेजारी सातपुड्यातल्या काठीच्या होळीला दरवर्षी कॅमेऱ्यांची झुंबड उडते. चांदीच्या दागिन्यांतल्या आदिवासी मुलींचे फोटो पुढे कुठं कुठं लागतात, त्या मुलींना पत्ता नसतो. तिथं जाणाऱ्यांत आपणही असतो. आपला फोटो चोरला म्हणून ओरडताना हेही आठवायला हवं.

मग करायचं काय? मी काय करते ते सांगते. फोटोच्या पाठीवर किंवा फाइलमध्ये माझं नाव, तारीख आणि गाव घालते. मूळ फाइल किंवा निगेटिव्ह कुणाला देत नाही. फोटो दिला की सोबत चिठ्ठी देते, 'एकदा, या अंकासाठी, नावासह', आणि तिची प्रत ठेवते. लग्नाची ऑर्डर घेताना पावतीवरच एक ओळ असते की काचेत किंवा मोबाइलवर फोटो लावायचा तर नवरीची सही लागेल. सुरुवातीला लोक हसले. "सही नवरीची कशाला, आम्ही आहोत की," म्हणाले. आता नवऱ्या स्वतःच पावती मागून वाचतात. शेतात, बाजारात, मोर्चात फोटो काढते तेव्हा माझ्याजवळ एक वही असते. विचारते, कुठं छापणार ते सांगते, नाव लिहून घेते, आणि एक प्रत पोचवते. काही जणी नाही म्हणतात. तेव्हा हातचा चांगला फोटो जातो. जाऊ देते.

आपल्या संघटनांनाही एक सांगणं आहे. आपण पोस्टर काढतो, अंक काढतो, कुणाचा तरी फोटो उचलतो आणि 'चळवळीचंच काम' म्हणतो. शेठजीही मानच केला म्हणाले होते. तेव्हा पुढच्या अंकापासून प्रत्येक फोटोखाली काढणारीचं नाव असावं, आणि जिचा फोटो आहे तिला विचारलं होतं का, हे संपादक मंडळानं आधी विचारावं, अशी माझी विनंती आहे.

जाताना दारात एक टेबल ठेवलंय. पावतीचा नमुना आणि चिठ्ठीचा नमुना तिथं आहे, घेऊन जा. आणि तुमच्यापैकी ज्या नवऱ्याच्या, सासऱ्याच्या शिक्क्यावर काम करतात त्यांनी घरी गेल्यावर एकदा तो शिक्का बघावा. नवा शिक्का करायला फार खर्च येत नाही.